छपरापासून दहा पावलं

१२ मे, रविवार

चर्चमधून आले आणि पायरीवर बसले, पण बसवेना. अंगणात सावली म्हणून नाही. वर नवा कोरा पत्रा, खाली तापलेली लाल माती, आणि मध्ये मी.

आंबाए बेटावरच्या माझ्या अंगणात सात झाडं होती. रोज झोपण्याआधी मोजते, नाहीतर विसरेन. दाराच्या डावीकडे नीरफणस. पाण्याच्या टाकीजवळ पपनस. मागे लिंबू, दोन नारळ, एक आंबा. आणि नवऱ्याने लग्नाच्या वर्षी लावलेला नांगाय, ज्याचे बदाम फोडून फोडून माझी बोटं काळी व्हायची. गेल्या वर्षी डोंगराने राख ओकली तेव्हा सगळ्यात आधी नांगायच मोडला, राखेच्या ओझ्याने. मग पपनस. मग सरकारी जहाज आलं आणि आम्ही निघालो. मी फक्त एक वळकटी उचलली. तिच्यात माझी लाल चटई आहे, मी स्वतः विणलेली, मेल्यावर मला गुंडाळायला ठेवलेली.

इथे सांतो बेटावर मोली साकेलेंनी ही जागा दिली. मोली म्हणजे इथला मुखिया. पहिल्याच दिवशी काठीने हद्द आखून म्हणाले, "बाई, राख थांबेपर्यंत राहा. कोनफळ लावा, अळू लावा, केळी लावा. झाड तेवढं लावू नका."

त्यांचंही चूक नाही. त्यांच्या वडिलांनी दुसऱ्या बेटावरच्या एकाला असंच ठेवून घेतलं होतं. त्याने चाळीस माड लावले, आणि त्याची नातवंडं कोर्टात उभी राहिली, की आमच्या आजाची झाडं, म्हणजे आमची जमीन. आपल्याकडे सगळीकडे झाड हाच कागद. पण मी काय कोर्टात जाणार आहे? मला सावली हवी आहे.

मेबल सांगत होती, तिच्या भाचीचं इथल्याच एकाशी जमलं. मी म्हटलं, "दोन ओळी माडांसाठी पोरगी दिली म्हण की." मेबल हसली. शेजारी राहते, आमच्याच जहाजातून आलेली, तिला माझं तोंड माहीत आहे. माझी लेक एल्सी मात्र भांडी टाकून आत गेली. आठवा महिना लागतोय, पोर चिडचिडी झाली आहे.

बाप कोण ते अजून सांगत नाही. मी विचारणं सोडलं. म्हणजे तोंडाने सोडलं.

१९ मे

मोलींचा धाकटा मुलगा एझ्रा आज पुन्हा आला होता. आठवड्यातून तीनदा येतो. हातात कोयता, नजर सगळीकडे. आज कुंपणाच्या कडेकडेने चालत गेला, पावलं मोजल्यासारखा. मी केळीखालची माती ओढत होते. म्हणाला, "मावशी, इथे एक नीरफणस छान होईल. छपरापासून दहा पावलं. त्याच्या फांद्या ठिसूळ असतात, वादळात मोडल्या तरी पत्र्यावर यायच्या नाहीत."

मी काय दूधखुळी आहे? बापाने नको म्हणायचं आणि मुलाने लाव म्हणायचं. लावलं की दुसऱ्या दिवशी आम्ही बाहेर. मी म्हटलं, "आम्ही कोनफळवाले. आम्हाला झाडातलं काय कळतंय!"

जाताना चार संत्री पायरीवर ठेवून गेला. मी हात लावला नाही. एल्सीने चारही खाल्ली.

२ जून

आज मोलींकडे जाऊन आले.

झालं असं की परवा मेबलने विषय काढला. "नाळ कुठे पुरणार गं?" आमच्याकडे मुलाची नाळ सुकून पडली की खड्ड्यात ठेवायची, वर झाड लावायचं. मग त्या मुलाला कुणी विचारत नाही तू कुठला. एल्सीची नाळ नांगायच्या शेजारच्या माडाखाली आहे. तो माड राखेतही उभा होता, मी जहाजावरून पाहिला. बाप पळून गेलेल्या मुलाला तर झाड जास्तच हवं. आमच्याकडे मूल आईच्या कुळाचं, म्हणजे झाड लावायचं माझ्या हाताने.

म्हणून एक कोंबडी घेतली आणि गेले. मोली नाकामालच्या बाहेर, पुरुष जिथे कावा, ते मुळांचं कडू पेय, प्यायला जमतात तिथल्या ओट्यावर बसले होते. मी सगळं सांगितलं. एकच झाड. जमिनीवर हक्क नाही सांगणार, पाद्रीबाबांसमोर सही करते.

त्यांनी सगळं ऐकलं. मग म्हणाले, "बाप कोण?"

मी म्हटलं, "मोली, मी झाडाचं विचारतेय."

"मीही झाडाचंच बोलतोय. बापाचं नाव तुमच्या तोंडून येऊ द्या. मग झाडाचं बोलू."

म्हणजे माझी पोर चारचौघांत उघडी पाडायची, आणि मग एक खड्डा भिकेत मिळणार! मी म्हटलं, "आमच्या बेटावर मुलीच्या आईने नाव घेत फिरायचं नसतं. ज्याने केलं त्याची माणसं डुक्कर घेऊन दारी येतात. नाही आली तर ती माणसंच नव्हेत."

मोलींनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांच्याच तोंडात मारली. "आणि आमच्याकडे," ते म्हणाले, "मुलीच्या घरून नाव आल्याशिवाय पुरुषाच्या माणसांनी मागणी घेऊन तिच्या दारी जायचं नसतं. ती जबरदस्ती ठरते."

मला काय करायचंय त्यांच्या रीतींशी? कोंबडी तिथेच टाकून आले.

घरी सांगितलं तर एल्सी आधी पांढरी पडली. मग म्हणाली, "काय म्हणालीस? माणसंच नव्हेत?" आणि रडायला लागली. माझी बाजू घेईल वाटलं होतं.

२१ जून

एझ्राने पाण्याचा पाइप आमच्या मागच्या दारापर्यंत आणून दिला. कुणी सांगितलं होतं? मी विचारलं तर म्हणे, "तिला उचलायला लागू नये." मी म्हटलं, "तिची काळजी करायला मी आहे." मोलींना सगळी खबर याच्याकडूनच जाते, माझी खात्री आहे.

१४ जुलै

मुलगी झाली. पहाटे, दवाखान्यात. दोघी सुखरूप. केस भरपूर, नाक रुंद, आमच्या घरात कुणाचं नाही असं.

देवा, किती छोटी आहे. मी पाच महिने रागावून बसले होते आणि हिने अर्ध्या मिनिटात मला पार विरघळवून टाकलं.

२३ जुलै

नाळ पडली. फडक्यात गुंडाळून बिस्किटांच्या डब्यात ठेवली आहे, आणि डबा माझ्या उशाशी. नाळ वाईट माणसाच्या हाती लागली तर मूल वाळत जातं. आईने मला सांगितलेलं, मी खरं मानते. डबा उघडून दिवसातून चारदा बघते.

आता कोणतं झाड, ते ठरवायचं. दोन दिवस डोक्यात हेच. नांगाय लावावा तर पहिली काही वर्षं कुणाच्या लक्षात येणार नाही, पण वाढतो इतका हळू की मी बघायला नसेन. आंब्यावर वटवाघळं येतात, आणि खाली गवतही उगवत नाही. लिंबू किती दिवस टिकणार? मुलीचं झाड मुलीपेक्षा जास्त जगायला हवं. मनातून मला नीरफणस हवा होता. पण त्याची पानं एवढाली, हाताएवढी, तिसऱ्या महिन्यातच रस्त्यावरून दिसतील.

म्हणून नारळ. केळीच्या बेटात लावला तर वर्ष दीड वर्ष केळीच्याच पानांत लपून राहील. नंतरचं नंतर. घराच्या फार जवळ येतोय हे मला कळतं, उद्या नारळ पत्र्यावर पडतील. पडू देत.

एल्सीला सांगितलं. ती मुलीला पाजत होती. म्हणाली, "आई, थोडं थांब ना."

"कशासाठी?"

"थोडंच."

"नाळ वाट बघत नाही," मी म्हटलं. तिने मुलीला दुसऱ्या अंगावर घेतलं.

२८ जुलै, रविवार

लावलं.

ताप आल्याचं सांगून चर्चला गेले नाही. सगळं गाव आत होतं, पहिल्या प्रार्थनेचे सूर ऐकू आले तशी उठले. मेबलच्या ढिगातला कोंब आलेला नारळ आधीच बघून ठेवला होता. केळीच्या बेटात कोपरभर खड्डा, तळाला नाळ, वर मूठभर मऊ माती, मग नारळ, कोंब पूर्वेला. मुलीचं नाव अजून ठेवलं नाही म्हणून मी माझंच नाव सांगितलं मातीला. हिल्डा गाराएची नात, म्हटलं. हात मातीत होते आणि कान चर्चकडे. शेवटची प्रार्थना सुरू झाली तेव्हा मी वर वाळकी पानं टाकत होते.

साठीला टेकलेली बाई, मदर्स युनियनची खजिनदार, आणि रविवारी चोरी करते. पण वाईट वाटत नाही. रात्री पहिल्यांदा सलग झोप लागेल असं वाटतंय.

३० जुलै

त्याने पाहिलं.

केळीचा घड उतरवून देतो म्हणून एझ्रा थेट बेटात शिरला, मी ओरडेपर्यंत आत. बाहेर आला तेव्हा कोयता खाली लोंबत होता. चिडला असता तर बरं झालं असतं. त्याचा चेहरा रडवेला होता. म्हणाला, "मावशी, तुम्ही एकट्यानेच लावलंत?"

"मग काय बँड बोलवायचा होता?"

तो एल्सीकडे बघत उभा राहिला. एल्सीने मान खाली घातली. मग तो गेला, घड न उतरवताच.

आता सांगणार बापाला. एल्सी दिवसभर रडते आहे, दूध कमी आलं, मुलगी किंचाळते आहे. सगळं माझ्यामुळे. पण मी दुसरं काय करायला हवं होतं, कुणीतरी सांगा.

२ ऑगस्ट

सकाळी दार उघडलं तर अंगणात काठी रोवलेली, आणि काठीला नामेलेचं पान बांधलेलं.

नामेलेचं पान म्हणजे मनाई. ते दिसलं की माणूस पाऊल पुढे टाकत नाही, मग तो कुठल्याही बेटाचा असो. दारापासून चार पावलांवर होतं ते. मी उंबरठ्यावर उभीच राहिले. मेबल रस्त्यावरून बघून आली तशीच वळली, आणि तासाभराने मागच्या बाजूने येऊन कुजबुजली, "तुझ्यामुळे आम्हा सगळ्यांनाच जावं लागणार का गं? माझं कोनफळ अजून जमिनीत आहे."

आठ घरं आहोत आम्ही इथे. आठही घरांच्या पायाखालची जमीन मी काढली, एका नारळासाठी.

मागच्या दाराने ये-जा करतो आहोत. मोली आले नाहीत. कुणीच आलं नाही. ते येऊन शिव्या देतील तर बरं, ही शांतता सहन होत नाही.

४ ऑगस्ट, रविवार

काय लिहू? लिहिल्याशिवाय डोकं फुटेल.

दुपारी बुधवारच्या जहाजाची चौकशी करायला मेबलबरोबर धक्क्यावर गेले होते. परत आले तर काठी नाही, पान नाही. केळीत धावले. नारळ नाही. खड्डा बुजवून वरची माती हाताने सारखी केलेली. दोन्ही हातांनी उकरलं, कोपरापर्यंत, नखं मोडली. नाळही नाही.

आत येऊन एल्सीला सांगितलं. मला वाटलं ती कोसळेल. ती म्हणाली, "आई, हात धू आधी. रक्त येतंय."

"कळतंय का तुला? नाळ नेली त्यांनी! मुलीचं काय करतील?"

"काही करणार नाहीत."

आणि मग जेवली. लापलापचे, किसून भाजलेल्या कोनफळाचे, दोन तुकडे, नारळाचं दूध ओतून, आठवड्यात पहिल्यांदा पोटभर. मुलगी पिऊन झोपली. पोरीला धक्का बसला असावा. तिचं डोकं ठिकाणावर नाही, आणि माझंही नाही. जाणार बुधवारी. राखेत राहू, टाकी फुटली तर फुटली. पण आधी नाळ परत घेणार. उद्या मोलींच्या दारात उभी राहते, मग काय व्हायचं ते होवो.

५ ऑगस्ट

आता सगळं क्रमाने लिहिते, कारण मला स्वतःलाच पुन्हा वाचायला लागणार आहे.

मुलीला पाठीशी बांधून एल्सीही माझ्याबरोबर निघाली. नको म्हटलं, ऐकलं नाही. मोली ओट्यावर होते. मी पायरी न चढता म्हटलं, "माझ्या नातीची नाळ द्या. आज द्या. आम्ही जातो, झाड तुमचं, जमीन तुमची, सगळं तुमचं."

मोली म्हणाले, "चला, दाखवतो."

नाकामालच्या मागून समुद्राकडे वाट जाते. तिकडे बायका जात नाहीत असं मला वाटायचं, मी कधी गेले नव्हते. वाटेच्या कडेने माडांची एक ओळ आहे. मोली चालता चालता काठीने एकेका खोडावर टकटक करत होते. "हा माझा. हा माझ्या भावाचा, तो गेला. हा थोरल्याचा. हा वाकडा एझ्राचा, तो तीन वर्षांचा असताना वादळाने वाकवला, पण पडला नाही."

एझ्राच्या माडापुढे नव्या बांबूचं कुंपण होतं. आत माझा नारळ. कोंब पूर्वेलाच. बाजूला तीच काठी आणि नामेलेचं पान.

मी म्हटलं, "हे इथे का?"

"मुलाचं झाड बापाच्या ओळीत लागतं आमच्याकडे," मोली म्हणाले. "आणि लावायचं आजोबाने. मातीच्या गड्ड्यासकट उचललं, नाळ हलली नाही. एल्सीने स्वतः बोलावून दाखवलं कुठून खणायचं ते."

मी एल्सीकडे वळले. ती कुंपणाजवळ जाऊन उभी होती, आणि एझ्रा, जो मला इतका वेळ दिसलाच नव्हता, तिच्या पाठीवरून मुलीला सोडवून घेत होता. सवयीचा हात होता तो. मुलीचं नाक आणि त्याचं नाक. तीन आठवडे मी ते नाक पुसत होते.

"पान माझ्या दारात का लावलंत मग?" मी म्हटलं.

"दारात? पान झाडाकडे तोंड करून होतं. ज्या पोराचं झाड आहे त्याच्या घरचे येईपर्यंत कुणी हात लावू नये म्हणून. दोन दिवस वाट पाहिली, तुम्ही येऊन विचाराल म्हणून. तुम्ही आपल्या मागच्या दाराने पळताय!" मग म्हणाले, "तुम्ही एकट्याने लावलंत तेव्हा पोरगा घरी येऊन रडला. त्याला वाटलं, तुम्ही त्याला नाकारलं."

"मला ठाऊकच नव्हतं!"

"मी विचारलं होतं, बाप कोण. तुम्ही म्हणालात, आम्ही माणसंच नव्हे."

मी खाली बसले, तिथेच, मातीत. पाच महिने ते माझी वाट बघत होते आणि मी त्यांची. मोलींनी हात पुढे केला. म्हणाले, "उठा विहीणबाई. ओल आहे खाली."

परतताना एल्सीला विचारलं, "मला का नाही सांगितलंस?"

ती म्हणाली, "तू मेबलमावशीच्या भाचीबद्दल काय बोललीस, आठवतं? मी त्याच दिवशी सांगणार होते. सकाळपासून शब्द जुळवत होते."

घरी आल्यावर वहीत मागे जाऊन वाचलं. १२ मे. लिहिलंय तसंच, भांड्यांसकट. पान फाडायला घेतलं, मग नाही फाडलं. माझ्या तोंडाने माझ्या पोरीला पाच महिने एकटं ठेवलं, हे मला विसरायला नको.

११ ऑगस्ट, रविवार

डुक्कर आलं. आमच्या रीतीने, मोली स्वतः घेऊन आले. आणि त्यांच्या रीतीने मी आठही घरांसमोर, उभी राहून, मोठ्याने एझ्राचं नाव घेतलं. दोनदा घ्यायला लावलं, पहिल्यांदा मागच्यांना ऐकू गेलं नाही.

मग वळकटी सोडून लाल चटई काढली आणि त्या माडाच्या कुंपणापाशी अंथरली. एल्सी म्हणाली, "आई, ती तर तुझ्यासाठी..." मी म्हटलं, मला अजून वेळ आहे, दुसरी विणेन.

मेबल शेजारी बसून खात होती. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "माझ्या भाचीला दोन ओळी माड मिळाले, हिल्डाच्या लेकीला एकच. घाट्यात गेलीस गं!" मोलींसकट सगळे हसले. मीही हसले. लागायचं तिथे लागलं, आणि मला ते मिळायलाच हवं होतं.

१८ ऑगस्ट

आज अंगणात भांडण. मोली म्हणतात, आता घर नातीचं आहे तर सावली हवीच, नीरफणस लावा. मी म्हटलं दाराच्या डावीकडे, माझ्याकडे होता तसा. मोली म्हणतात, "विहीणबाई, वादळात फांदी पत्र्यावर घ्यायची आहे का?" एझ्रा पावलं मोजत गेला आणि दहाव्या पावलावर टाच रोवून उभा राहिला. मे महिन्यात उभा होता तिथेच.

मुळाला फुटलेला फुटवा मोलींनी आणला होता. खड्डा एझ्राने खणला. मोली म्हणाले, "लावा तुम्ही. झाड नातीचं, हात तुमचा."

मी लावलं. दिवसाढवळ्या, रस्त्यावरून माणसं बघत असताना.

संध्याकाळी मेबल धावत आली. रेडिओवर सांगितलं, राख थांबली, आंबाएच्या लोकांना परत जाता येईल, पुढच्या आठवड्यात जहाज आहे. माझं नाव यादीत घालू का, म्हणून विचारत होती. मी बरं म्हटलं, आणि मग नको म्हटलं. नीरफणसाला पाच वर्षांनी फळ येतं. पहिलं वर्ष रोज पाणी लागतं, आणि एल्सीला मुलीचंच पुरे आहे.

पाइपला भांडं लावलं. दोन भांडी घातली.